वाफवाले आणि निळं पिंप

माझे वडील गेले त्या दिवशी मी दुकानातून येताना आइस्क्रीम घेऊन आले. गेले म्हणजे सकाळच्या सात चाळीसच्या बसने गेले. चांगले धडधाकट, खांद्याला पिशवी, हातात बॅग, आणि खिडकीची काच आधी रुमालाने पुसून मगच तिला टेकून बसलेले. पण त्या संध्याकाळी आमच्या घरात जे काही होतं त्याला आनंदच म्हणतात, आणि मी तो लपवणार नाही. नवऱ्याने फडताळातून दोन चमचे घेतले, न उकळता घेतले, आणि आम्ही डब्यातूनच आइस्क्रीम खाल्लं.

आता मला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा, पण आधी माझ्या बाबांशी ओळख करून घ्या.

बाबा चौतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात नोकरीला होते. वर ऑपरेशनं चालायची. वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या लिफ्टने खाली यायच्या. बाबा त्या मोजायचे, घासायचे, कापडात बांधायचे आणि वाफेच्या मशीनमध्ये घालायचे. मशीनचं काम संपलं की एक लांबलचक फुसकारा यायचा. तो फुसकारा म्हणजे आत आता एकही जंतू जिवंत नाही याची खूण. मग बाबा गाठोड्यावर चिठ्ठी चिकटवायचे, तिच्यावर तारीख, वेळ, सही. हॉस्पिटलात त्यांना सगळे 'वाफवाले' म्हणत. झाडूवाल्यापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळे. चौतीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही गाठोडं कुणाला बाधलं नाही, आणि हे मी थट्टेत सांगत नाहीये. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे.

पण माणूस निवृत्त झाला म्हणून त्याचा हात निवृत्त होत नाही. हॉस्पिटलची खोली सोडावी लागली, आई जाऊन सहा वर्षं झाली होती, मी एकुलती एक. बाबा आमच्याकडे आले. आमचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि हातभर बाल्कनी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझा टूथब्रश उकळला, तो वाकून प्रश्नचिन्हासारखा झाला. मग किल्ल्या उकळल्या. मग टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावर चिठ्ठी लावली, तारीख, वेळ, सही. मी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवते. एके दिवशी बाबा तिथे आले आणि भर गिऱ्हाइकांसमोर मालकांना विचारलं, "ही दाखवायची फ्रेम दिवसाला किती नाकांवर चढते हो?" एक बाई फ्रेम नाकावर ठेवून आरशात बघत होत्या. त्यांनी ती काढून ठेवली आणि त्या गेल्या. मालक नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं.

हे सगळं मी सोसलं असतं. घोडं अडलं ते तव्याशी.

माझा नवरा एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी आहे. मुलखाचा अबोल. त्याला काम शिकवणाऱ्या आचाऱ्याने निवृत्त होताना स्वतःचा लोखंडी तवा त्याला दिला होता. बारा वर्षं नवऱ्याने त्या तव्याला साबण लावला नव्हता. रोज वापरायचा, पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा. तवा काळाभोर, गुळगुळीत, त्याच्यावर काही म्हणून चिकटायचं नाही. एका दुपारी आम्ही दोघंही कामावर असताना बाबांनी तो तवा सोड्याच्या पाण्यात तीन तास उकळला आणि तारेच्या घासणीने घासून काढला. संध्याकाळी मोठ्या हौसेने नवऱ्याच्या हातात देत म्हणाले, "घ्या जावईबापू. बारा वर्षांत पहिल्यांदा याचा खरा रंग दिसला."

नवऱ्याने तवा घेतला, उलटसुलट करून बघितला आणि खाली ठेवला. पाच दिवस तो एक शब्द बोलला नाही. सहाव्या दिवशी मला म्हणाला, "तवा मेला."

बस, एवढंच. त्यावरून मला कळलं की या दोन खोल्यांत आता तिघं मावणार नाहीत. एक तर बाबा जातील, नाहीतर हा कारखान्यातच मुक्काम ठोकेल. दोघांच्या मधे मी, माझ्या नाकी नऊ आलेले.

मार्ग दाखवला तो एका निवृत्त पोस्टमनने. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आले होते. मी भिंगं घासत होते आणि ते गप्पा मारत होते. म्हणाले, काही सेंद्रिय शेतं अशी असतात की तिथे रोज पाच तास काम करायचं, त्याबदल्यात राहायला खोली आणि दोन वेळचं जेवण. पैसे ना त्यांनी द्यायचे ना आपण. ते स्वतः दोन ठिकाणी राहून आले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की मी त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोनवर त्या शेतांची यादी काढली.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: 'तुम्हाला काय येतं?' बाबांनी सांगितलं, "लिही. निर्जंतुकीकरण, चौतीस वर्षं."

"बाबा, ते शेत आहे. तिथे कोण घेईल तुम्हाला?"

"खरं ते लिही."

मी लिहिलं, आणि मनातल्या मनात पोस्टमनदादांना हात जोडून ती आशा सोडून दिली. दुसऱ्या दिवशी एका शेताच्या मालकीणबाईंचं उत्तर आलं. 'आमच्याकडे वाफेचा बॉयलर आहे. दुधाच्या कॅन, भाजीचे क्रेट धुवायला लागतो. चालवणारा पळून गेला. वडिलांना पाठवा. दोन महिने बघू, पटलं तर वर्षभर राहू देत.'

मी बाबांना ते वाचून दाखवलं. "जातो दोन महिने," ते म्हणाले. "तोवर तुमची डोकी शांत होतील."

म्हणून ते आइस्क्रीम. आता ठेवा नावं.

पहिल्या रविवारी त्यांचा फोन आला आणि तक्रारींचा पाढा सुरू झाला. खोलीला कौलं आहेत, कौलांत पाली आहेत. चिखलाचे हात लोक नळाखाली नुसते धरतात, चोळत नाहीत. पण हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. मुख्य तक्रार होती शेडमधल्या निळ्या पिंपाची.

त्या पिंपात शेताचं विरजण होतं. मालकीणबाईंनी अकरा वर्षांपूर्वी ती जमीन घेतली तेव्हा ती खतं आणि औषधं पिऊन पार मेलेली होती, गांडूळसुद्धा दिसत नव्हतं. बाईंनी डोंगराच्या कडेला असलेल्या जुन्या झाडांखालची मूठमूठ माती आणली, तिच्यात कोंडा, काकवी आणि पाणी घातलं आणि आंबवत ठेवलं. तेव्हापासून ते पिंप कधी रिकामं झालं नव्हतं. लागेल तसं काढायचं, कंपोस्टवर शिंपडायचं, पेरणीआधी बियाणं त्यात बुडवायचं, आणि काढलं तेवढी भर घालायची. दह्याचं विरजण राखतात तसं. ती जुनी झाडं पुढे रस्त्यासाठी कापली गेली. माती राहिली ती या पिंपातच.

आणि तिथली एक रीत होती. शेतावर जो सगळ्यांत नवा आलेला असेल त्याने रोज संध्याकाळी पिंपाला जेवण द्यायचं. चार मुठी कोंडा, एक पळी काकवी, लाकडी दांड्याने शंभर वेळा ढवळायचं. पिंप जेवलं की मग माणसं जेवायला बसायची. सगळ्यांत नवे बाबा.

"अगं, वर साय आली आहे करड्या रंगाची," बाबा फोनवर सांगत होते. "वास असा की डोळ्यांत पाणी यावं. मी जन्मभर जे मारलं ते इथे पाळून ठेवलंय! आणि त्याला भरवून मग मी जेवायचं?"

"मग काय केलंत?"

"भरवलं. रीत आहे म्हणाल्या. पण मी सोडणार नाही."

त्यांनी सोडलं नाहीच. मंगळवारी त्या शेतावरून भाजीची गाडी घेऊन येणारा ड्रायव्हर दुकानात आला आणि माझ्या हातात एक बाटली दिली. आत तपकिरी रबडा. बाटलीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: 'नमुना क्रमांक एक. संशयास्पद. हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तातडीने द्यावा. उभा ठेवावा.' तारीख, वेळ, सही.

प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन बस बदलायच्या, बाबांच्या जुन्या मित्राला गाठायचं, आणि वडिलांना शेतातले जंतू मोजून हवेत असं त्याला सांगायचं. मी ती बाटली घरी नेली, बाल्कनीत बादलीमागे ठेवली आणि विसरून गेले. पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, "दिलास?" मी म्हटलं, "दिला. रिपोर्ट यायचाय." लहानपणापासून ते मला 'निष्काळजी' म्हणत आले आहेत. त्या दिवशी मी निष्काळजी आणि खोटारडी अशी दोन्ही झाले, पण वाईट काही वाटलं नाही. दोन बस वाचल्या होत्या.

दहा-बारा दिवसांनी बाल्कनीत 'फट्' असा आवाज झाला. बाटलीचं झाकण उडून कपड्यांच्या दोरीवर आपटलं होतं आणि तोंडातून फेस ओघळत होता. मी फडकं आणायला धावले. येऊन बघते तर नवरा उकिडवा बसून बाटली हुंगतोय.

"फेकून दे ती घाण," मी म्हटलं.

"जिवंत आहे," तो म्हणाला. "भुकेलंय."

त्याने आतून चमचाभर गूळ आणला, कॅन्टीनमधून आणलेला चिमूटभर कोंडा आणला, बाटलीत घातला आणि काडीने ढवळला. झाकणाऐवजी माझं भिंगं पुसायचं फडकं बांधून वर रबर लावलं.

"अरे, कशाला ते लाड?"

"एक मेलं तेवढं पुरे," तो म्हणाला, आणि कामाला गेला. त्यानंतर दर तीन दिवसांनी तो त्या बाटलीला खायला घालायचा. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाप गेला तर नवऱ्याने सुरू केलं.

इकडे बाबांचे फोन हळूहळू बदलत गेले. तिसऱ्या आठवड्यात पालींचा विषय बंद झाला. चौथ्या आठवड्यात ते म्हणाले, "बॉयलर आता सुतासारखा सरळ केलाय. सगळ्या कॅन आरशासारख्या. बाई म्हणाल्या, काका, तुम्ही याआधी का नाही आलात?" हे सांगताना त्यांचा आवाज जरा कापला. पाचव्या आठवड्यात त्यांनी नुसतं एवढं सांगायला फोन केला की आज पिंप चांगलं जेवलं, ढवळताना कसे बुडबुडे आले. त्यांच्यानंतर दोघं नवीन आले होते, पण पिंपाचं जेवण बाबांनी कुणाला देऊ दिलं नाही. आणि एकदा जाता जाता म्हणाले, "तो रिपोर्ट आला नसेल तर राहू दे. मागे लागू नकोस त्यांच्या."

मला मोठा दिलासा वाटला, कारण रिपोर्ट कसला डोंबलाचा येणार होता! आणि त्याहून मोठा दिलासा हा की बाबांना झोप लागत होती. आमच्याकडे ते रात्री चार वेळा उठून गॅस पुसायचे.

दोन महिने भरायला आठवडा राहिला होता. मी दुकानात एका जाड भिंगाच्या कडा घासत होते तेव्हा फोन वाजला. बाबा वेळी-अवेळी फोन करणारे नव्हेत.

"मी परवा परत येतोय," ते म्हणाले. "तू घ्यायला येऊ नकोस."

"काय झालं बाबा?"

"पिंप मेलं. माझ्या हातून मेलं."

मग त्यांनी एकेक करून सांगितलं, तळघरातल्या रजिस्टरमधून वाचून दाखवावं तसं. सेंद्रिय शेतीच्या दाखल्यासाठी तपासणीस येणार होते. मालकीणबाई दोन दिवस बाहेर होत्या. बाबांनी शेड धुवायला काढली. पिंपाच्या आतल्या बाजूला अकरा वर्षांची पुटं होती. ती पुटं म्हणजे बाहेरून आलेले वाईट जंतू, ते आतल्या चांगल्या जंतूंना बाधतील, असं बाबांना वाटलं. म्हणजे बघा, चौतीस वर्षं जंतू मारलेला माणूस आता जंतूंची काळजी करत होता. विरजण काढून ठेवायला त्यांनी शेतावरच्या सगळ्यांत स्वच्छ कॅन घेतल्या, बॉयलरच्या वाफेतून नुकत्याच निघालेल्या. विरजण त्यांत ओतलं, झाकणं घट्ट लावली आणि कॅन बॉयलरच्या भिंतीशी ओळीने ठेवल्या, कारण तिथली फरशी सगळ्यांत स्वच्छ. बाबांच्या लेखी गरम आणि घट्ट झाकणाचा डबा म्हणजे जगातली सर्वांत सुरक्षित जागा. मग त्यांनी चार तास पिंप घासलं. हाडाचा कामगार माणूस, अर्ध्या तासात कसा उरकेल? तोवर कॅनमध्ये विरजण शिजलं. फळीवर दोन मळकट बरण्या होत्या, त्याही त्यांनी धुतल्या. त्यांत बाईंनी जपून ठेवलेलं जास्तीचं विरजण होतं.

"दोन दिवस बुडबुडा नाही. वासही मेल्याचा," बाबा म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पेरणी आहे. मी घटनेचा अहवाल लिहून शेडच्या दारावर लावलाय. चूक माझी, असं स्वच्छ लिहिलंय. बाई आल्या, त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, काका, सामान आवरा."

फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते, कारण ते लपवलं तर बाकीचं सगळं खोटं ठरेल. मनात आलं, परत येणार. पुन्हा उकळलेल्या किल्ल्या, पुन्हा पाच पाच दिवसांची शांतता. आणि मग त्यांचा तो आवाज आठवला, काका तुम्ही याआधी का नाही आलात हे सांगतानाचा, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. बाबा आता ज्या घरी परत येणार होते तिथे त्यांना काहीच काम नव्हतं. ते नुसते बसून राहिले असते. किल्ल्यासुद्धा उकळल्या नसत्या. तसले बाबा मला बघवले नसते.

तेव्हा कुठे बाटली आठवली. मी नवऱ्याला कॅन्टीनमध्ये फोन लावला. मागे भांड्यांचा खणखणाट.

"ती बाटली आहे का रे अजून?"

"आहे की. कालच जेवली."

माझा जीव अर्धा भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि पाच तास बसमध्ये बाटली मांडीवर उभी धरून बसले. नवऱ्याने बजावलं होतं, झाकण लावू नकोस, हलवू नकोस, उन्हात धरू नकोस. शेजारच्या गृहस्थांनी दोनदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकी उघडली आणि तिसऱ्यांदा उठून मागे जाऊन बसले.

शेत म्हणजे उतारावरच्या भाजीच्या ओळी, वर एक लांबट शेड, शेजारी बैठी घरं. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ती बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. बाबा त्यांच्या खोलीत कॉटच्या कडेवर बसले होते. बॅग भरलेली, पट्टा आवळलेला, पायांत बाहेर जायचे बूट, नाड्या बांधलेल्या. दोन महिन्यांत रापले होते, अंग भरलं होतं. पण बसले होते ते ऑपरेशन थिएटरबाहेर माणसं बसतात तसे.

"येऊ नकोस म्हटलं होतं," ते म्हणाले.

मी बाटली पुढे केली. त्यांनी स्वतःची चिठ्ठी ओळखली. मग वरचं फडकं बघितलं, आत फुटणारा बुडबुडा बघितला, आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मला आधी खरं सांगून टाकावंसं वाटलं.

"मी दिलीच नव्हती बाबा तपासायला."

"रिपोर्ट यायचाय म्हणालीस."

"खोटं बोलले."

"सात आठवडे?"

"हो."

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली. मग म्हणाले, "सात आठवडे ही जगली कशी?"

"तुमचे जावई खायला घालत होते. दर तीन दिवसांनी."

बाबा खाली मान घालून स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले. "त्या तव्याबद्दल काही बोलले का ते कधी?"

"एकदाच. तवा मेला म्हणाले."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मला तेव्हा कळलं नाही."

मालकीणबाई शेडमध्ये होत्या. दणकट बाई, कोपरांपर्यंत माती, आणि राग अजून निवळलेला नव्हता. त्यांनी बाटली हातात घेतली आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. "संशयास्पद," त्या म्हणाल्या आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी भिंतीकडे. मग बाईंनी फडकं सोडलं, वास घेतला, करंगळी आत बुडवली आणि चक्क चाटली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"आमचंच आहे," बाई म्हणाल्या. "पण हे एवढंसं, आणि पिंप केवढं. उठवेल की नाही सांगता येत नाही. तीन दिवस लागतील."

"मग मी..." बाबांनी बोलायला सुरुवात केली.

"तुम्ही कुठे निघालात? ढवळणार कोण? फेस आला तर राहायचं बघू. नाही आला तर मी स्वतः तुम्हाला बसला बसवून देईन."

पिंपात कोमट पाणी घातलं, कोंडा, काकवी, आणि बाटली त्यात रिकामी केली. मी दुकानात फोन करून रजा वाढवली. मालक म्हणाले, "वडिलांना घेऊन येणार आहात का इकडे?" मी म्हटलं, "तेच होऊ नये म्हणून थांबलेय." त्यांनी लगेच रजा दिली.

पहिला दिवस, काही नाही. बाबा तासातासाला थर्मामीटर लावत होते आणि वहीत लिहीत होते. मी कांद्याच्या ओळींतलं तण काढत होते, आणि दर खेपेला शेडकडे बघत होते. दुसऱ्या दिवशीही पिंप ढिम्म. बाबा पायांतले बूट काढायला तयार नव्हते, शेडमध्येही तेच, खोलीतही तेच. कधीही निघावं लागेल म्हणून. मी म्हटलं, "बाबा, निदान नाड्या तरी सैल करा." त्यांनी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर बाबा गुडघ्यांवर बसलेले आणि कान पिंपाला लावलेला.

"बाबा, चहा..."

"गप्प," ते म्हणाले. "इकडे ये. ऐक."

मी कप खाली ठेवला आणि कान लावला. आधी काहीच नाही, नुसतं गार प्लास्टिक. मग आतून अगदी बारीक आवाज आला. सोडावॉटरच्या ग्लासातून येतो तसला, पण थांबतच नव्हता. बारीक, सलग फुसकारा.

"चौतीस वर्षं," बाबा कुजबुजले, "मी फुसकारा ऐकला की सही करायचो. सगळं मेलं म्हणून." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. हात मळके होते, तेही त्यांना सुचलं नव्हतं.

मालकीणबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. त्या आल्या, आमच्या शेजारी खाली बसल्या आणि त्यांनीही कान लावला. तीन मोठी माणसं एका पिंपाला कान लावून बसलेली. बाई उठल्या, पिंपावरचं फडकं बाजूला केलं. कडेकडेने पांढरा फेस धरला होता. त्यांनी बाबांच्या पायांकडे बोट दाखवलं.

"काका, ते बूट काढा आधी. तीन दिवस शेडभर चिखल करताय. पेरणी तोंडावर आलीय आणि तुम्ही प्रवासाच्या कपड्यांत फिरताय."

बाबांनी तिथेच बसून नाड्या सोडल्या. एक गाठ सुटेना, ती मी सोडवली. माझा उरलेला अर्धा जीवही भांड्यात पडला. हायसं वाटलं ते दोन्हींसाठी: ते परत येणार नव्हते म्हणून, आणि त्यांना परत यावं लागणार नव्हतं म्हणून. यातलं पहिलं किती आणि दुसरं किती ते मी मोजत बसले नाही.

निघताना बाबा मला बसपर्यंत पोचवायला आले, अनवाणीच. बस हलता हलता त्यांनी खिडकीतून एक बाटली आत दिली. वर फडकं बांधलेलं, रबरात एक घडी घातलेला कागद खोवलेला. बाटलीवर चिठ्ठी होती: 'नमुना क्रमांक दोन. जिवंत. तपासायला देऊ नये. जावईबापूंच्याच ताब्यात द्यावा, मुलीवर विसंबू नये.' तारीख, वेळ, सही. मी बसमध्ये एकटीच हसत बसले. रबरात खोवलेला कागद मात्र मी उघडला नाही. तो माझ्यासाठी नव्हता.

नवऱ्याने तो स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच वाचला. मग माझ्याकडे दिला. घटनेचा अहवाल होता, तळघरात लिहायचे तसा. घटना: लोखंडी तवा, जावईबापूंच्या वापरात बारा वर्षे. तारीख सहा महिन्यांपूर्वीची, त्याच दुपारची. कारण: स्वच्छ करण्याच्या हेतूने सोड्यात उकळला व घासला. परिणाम: तवा मेला. चूक: माझी. खाली सही.

नवऱ्याने कागद परत घेतला, घडी घातली आणि मिठाच्या बरणीखाली ठेवला. मग तवा गॅसवर चढवला, तेलाचा हात फिरवला आणि तापू दिला. तव्याच्या मधोमध तळहाताएवढा काळा डाग धरला होता. तो कधी धरला, माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"बाबांना फोन करशील तेव्हा सांग," तो म्हणाला, "तवा उठतोय."

मी बाटलीत चिमूटभर कोंडा आणि चमचाभर गूळ घातला, काडीने ढवळलं, आणि मग आम्ही जेवायला बसलो.